बासष्ट अंशांचा थेंब

प्रकाशा, ता. शहादा
१२ नोव्हेंबर २०२४

मयूरी बेटा,

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू अशा. काचेच्या घंटेसारख्या झाकणातली हवा काढून आत सोन्याची वाफ करायचं यंत्र. घंटेचा आतला व्यास अकरा इंच, पंप सुरतेच्या एका जरीच्या कारखान्याच्या भंगारातला, पण सीलं, झडपा आणि खालची पितळी बैठक माझी. टंगस्टनच्या तारेची टोपली, जिच्यात सोनं वितळतं. आजवर एकोणीस केल्या, पहिल्या सात तुटल्या. पाण्याचा थेंब काचेवर किती अंशात उभा राहतो ते मोजायचं यंत्र. सलाईनची सुई, फोटोग्राफरकडचं भिंग, बंद पडलेल्या मोबाइलचा कॅमेरा, आणि कोनमापक मी स्वतः पितळेवर कोरलेला, अर्ध्या अंशापर्यंत खरा. आणि तुझ्या प्रयोगशाळेला गेलेल्या सोन्याच्या तीनशे चौदा पाट्या, काचेवर आधी क्रोमियम, वर सोनं. गावातल्या शेतीपंपांच्या मोटारींच्या तारा गुंडाळल्या त्या यात धरल्या नाहीत. त्या कुणीही गुंडाळतं.

ही यादी तुझ्या सरांच्या फॉर्मसाठी आहे. 'शैक्षणिक पात्रता' या ओळीत मी 'नववी नापास' लिहिलं आणि बाकी मजकूर मागच्या कोऱ्या बाजूला. फॉर्म देताना उलटून दे. लोक उलटून बघत नाहीत.

तू फोनवर म्हणालीस की सरांना माझी पाटी परदेशी पाटीपेक्षा भारी वाटते. भारी हा आकडा नाही. किती भारी, कशात भारी, ते कागदावर लिही आणि पाट्यांच्या परतीच्या खोक्यात ठेव. फोनवर सांगितलेला आकडा ऐकणाऱ्याच्या सोयीने बदलतो, हे मी मोटारींच्या धंद्यात तीस वर्षं पाहिलं आहे.

तुझ्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, अजून वाटतं की तू पुण्यात सोन्याचे दागिने करायला शिकतेस. मी दुरुस्त केलं नाही.

तुझा मामा,
लोटन


पुणे
१९ नोव्हेंबर २०२४

लोटनमामा,

फॉर्म उलटून दिला. सर उभ्यानेच वाचत होते, 'पहिल्या सात तुटल्या' इथे आले आणि खुर्चीवर बसले.

आता आकडा. माझ्या रेणूच्या एका टोकाला गंधक असतो. गंधकाला सोनं आवडतं. पाटी द्रावणात बुडवली की रेणू आपोआप येऊन सोन्यावर चिकटतात आणि ज्वारीच्या ताटांसारखे शेजारी शेजारी उभे राहतात, एकाच रेणूच्या जाडीचं शेत. कुणी पेरत नाही, कुणी रांग लावत नाही. मग हीच पाटी मी दुसऱ्या रेणूच्या द्रावणात टाकते. दुसरा येतो, पहिल्याला उठवतो, त्याच्या जागी बसतो. या अदलाबदलीवर माझा प्रबंध आहे.

परदेशी पाटीवर पहिल्या तासात तीनातले दोन रेणू बदलतात. उरलेला तिसरा हिस्सा बदलतच नाही. तीन दिवस ठेवा, आठवडा ठेवा, तो हलत नाही. तुमच्या पाटीवर सगळेच्या सगळे चाळीस मिनिटांत बदलतात. बावीस पाट्या केल्या, बावीसही तशाच.

याचा उपयोग सांगते. सिकलसेलच्या तपासणीची पट्टी आम्ही करतोय. सोन्यावरच्या रेणूंना वर 'हात' जोडलेले असतात, रक्तातली सिकलसेलची खूण ते पकडतात. पट्टी एकदा वापरली की हात भरून जातात. जुने रेणू पूर्ण काढून नवे बसवता आले, तर एकच पाटी तीस वेळा चालते, आणि मग ती डोंगरातल्या गावांना परवडते. १९ जानेवारीला तळोद्याच्या वर पहिलं शिबिर ठरलंय. तिथल्या आरोग्यसेवकांचं नाव रामसिंग, तुम्ही ओळखता म्हणे.

मामा, तुम्ही वेगळं काय करता? प्रत्येक पायरी लिहा.

मयूरी


प्रकाशा
२८ नोव्हेंबर २०२४

मयूरी बेटा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. बावीसपैकी बावीस हे वाक्य चारदा.

पायऱ्या: काच साबणाने, मग अल्कोहोलने, मग वाफेवर. क्रोमियम पाच नॅनोमीटर, सोनं शंभर. सोन्याची तार चोवीस कॅरेट, मी प्रत्येक वेळी तोलून घालतो. वाफ सावकाश, घाई केली तर सोनं शिंतोडे टाकतं. घंटा उघडण्याआधी पंचेचाळीस मिनिटं थंड. मग पाट्या चिमट्याने हवाबंद डब्यात, पाठवायच्या दिवसापर्यंत. बस.

आता माझं म्हणणं ऐक. खापरच्या आठवडी बाजारात मी पंधरा वर्षं पंखे दुरुस्त करायला बसलो. नवा दुकानदार आला की वाटेच्या कडेचा सरकतो, दोन ओळींच्या फटीतला सरकतो. मधोमध चारी बाजूंनी दाटून बसलेल्या मिरचीवालीला कोण उठवणार? तुझा परदेशी पाटीवरचा तिसरा हिस्सा म्हणजे ती मिरचीवाली. माझ्या पाटीवर तीसुद्धा उठते. याचे दोन अर्थ होतात. एक तर माझ्या सोन्यावर दाटी होतच नाही, नाहीतर माझं सोनं इतकं साफ आहे की कुणाचा पाय अडकत नाही. मी दुसरा अर्थ धरतो.

रामसिंगला मी ओळखतो. त्याच्या जीपचा डायनामो मी दोनदा गुंडाळला आहे. मंगळवारी आला होता, चहा घेतला, पाटी हातात धरून उलटसुलट पाहिली.

"लोटनभाऊ, ही नाही म्हनली म्हंजे नाहीच ना?"

"नाहीच."

"बघा हां. मन्ही पोरगीचं जमतंय. पोरगा चांगला आहे, पन त्याच्या घरात सिकलसेल आहे. मन्ह्या घरात पन आहे. दोघं पाटीवर बोट देतील. एकाची जरी पाटी नाही म्हनली तरी मी लग्न लावतो. दोघांची हो म्हनली तर नाही लावत."

मी म्हणालो, "माझी पाटी खोटं बोलत नाही." तो हसला. म्हणाला, "बायको पन असंच म्हनते."

तुझी मामी तापीबाई डब्यावरून कुरकुरते आहे. ते सोड.

लोटनमामा


पुणे
९ डिसेंबर २०२४

लोटनमामा,

सगळं छान चाललंय. सुरतेची एक कंपनी पट्टी करणार आहे. तिचे मालक योगेंद्रभाई मूळचे तुमच्या खापरचेच. सरांचा करार होत आलाय, त्यांना तुमच्या बाराशे पाट्या लागतील.

एक छोटं काम. माझं द्रावण लागायच्या आधी, तुमच्या कोऱ्या पाटीवर पाण्याचा थेंब किती अंशात उभा राहतो? डब्यातून काढा, अल्कोहोलने धुवा आणि मोजा. फक्त आकडा पाठवा. मला पाठवा, सरांना नको.

मयूरी


प्रकाशा
१६ डिसेंबर २०२४

मयूरी,

कोऱ्या, धुतलेल्या सोन्यावर थेंब पसरतो. हे पहिलीतल्या पोराला माहीत असावं. तो पसरत नसेल तर सोन्यावर आधीच काहीतरी बसलेलं आहे असा अर्थ होतो. म्हणजे तू मला विचारते आहेस की माझं सोनं घाण आहे का.

तीनशे चौदा पाट्या गेल्या तेव्हा हा प्रश्न आला नाही. आता कंपनी आली आणि प्रश्न आला. 'मला पाठवा, सरांना नको', हेही मला कळलं नाही. लपवायचं असेल तर माझ्या घरातून लपवाछपवी होत नाही.

बाराशे पाट्यांचं सामान मागवलं आहे. आकडा पुढच्या पत्रात.

लोटन


पुणे
२४ डिसेंबर २०२४

मामा,

तुमचं पत्र दोन वेळा वाचलं आणि मग लिफाफा उलटा करून झटकला, चिठ्ठी कुठे अडकली असेल म्हणून. मी तुम्हाला आकडा विचारला आणि तुम्ही आकडा लिहिला नाही. मला आठवतंय तेव्हापासून असं कधी झालं नाही. मी दहावी पास झाले तेव्हा तुम्ही पेढ्यांचं वजन लिहून पाठवलं होतं.

मीही लपवलं. सांगते. ज्यांना सिकलसेल आहे हे आधीच नक्की माहीत आहे अशा चाळीस जणांच्या रक्ताचे नमुने मी तुमच्या पाट्यांवर तपासले. पस्तीस वेळा पट्टी हो म्हणाली. पाच वेळा नाही म्हणाली. सर म्हणाले द्रावण जुनं असेल. नवं करून पुन्हा केलं. पुन्हा पाच. तेच पाच नाहीत, वेगळे पाच.

मला वाटतं काय होतंय ते असं. रक्तातसुद्धा गंधकवाले रेणू असतात. आपले रेणू सोन्यावर घट्ट असतील तर ते या रेणूंना दाद देत नाहीत. पण तुमच्या पाटीवर ते सैल उभे आहेत, म्हणून तर चाळीस मिनिटांत सगळे बदलतात. तसेच ते रक्तातही उठतात. खूण पकडायच्या आधीच हात निघून जातो. पट्टीला काही दिसत नाही, ती नाही म्हणते. ज्या गोष्टीचं आम्ही कौतुक करतोय तीच गोष्ट हे करतेय.

पण सैल का? ते मला थेंबाशिवाय कळणार नाही. ६ जानेवारीला माझी सही हवी आहे, पट्टी शिबिराला योग्य आहे या कागदावर. या कामावरच्या संशोधन-पेपरमध्येही माझं पहिलं नाव आहे. शंका निघाली तर दोन वर्षांचं काम जातं. म्हणून सरांना नको म्हटलं होतं, आणि इथलं थेंब मोजायचं यंत्र त्यांच्याच खोलीत आहे.

मामा, थेंब किती?

मयूरी


प्रकाशा
३० डिसेंबर २०२४

मयूरी बेटा,

बासष्ट अंश.

हा आकडा मला १५ तारखेपासून माहीत आहे. तुझं ९ तारखेचं पत्र मिळालं त्याच दिवशी मोजला, आणि दुसऱ्या दिवशी तुला ते उद्धट पत्र लिहिलं. पंधरा दिवस मी तो माझ्याजवळ ठेवला. का ठेवला ते तुला कळतं, त्यावर शाई घालवत नाही.

या पंधरा दिवसांत काय केलं ते लिहितो. घंटेतून ताज्या सहा पाट्या काढल्या. तीन काचेच्या बरणीत ठेवल्या, तीन नेहमीच्या डब्यात. तीन दिवसांनी सहाही अल्कोहोलने धुतल्या. बरणीतल्या पाट्यांवर थेंब पसरला, आठ अंश, नऊ, आठ. डब्यातल्या पाट्यांवर एकसष्ट, बासष्ट, बासष्ट. सोनं तेच, तार तीच, हात तोच.

डबा तुझ्या मामीचा आहे. लसणाच्या चटणीचा. गेल्या उन्हाळ्यात मला धूळ न जाणारा डबा हवा होता, घरात घट्ट झाकणाचा तोच एक. मी तो राखेने, अरिठ्याने, मग सोड्याने, सात वेळा धुतला. नाक लावून पाहिलं, वास नव्हता. झाकणाच्या आतली रबराची रिंग मी धुतली, पण काढून हुंगली नाही. परवा काढली. चिरून गरम पाण्यात टाकली. मामी स्वयंपाकघरातून ओरडली, "कोन लसून ठेची ऱ्हायनं?"

लसणाचा वास म्हणजे गंधकच, हे मला आता वाचून कळलं. रिंगेत मुरलेला लसूण दिवसरात्र डब्यात सुटत होता आणि माझ्या सोन्यावर जाऊन बसत होता. तुझे रेणू आले तेव्हा जमीन आधीच व्यापलेली. काही लसूण उठला, काही राहिला, तुझ्या ताटांना दाटीने उभं राहता आलं नाही. मी मागे दोन अर्थ लिहिले होते. पहिला खरा निघाला. दुसरा मी धरला, कारण तो माझ्या बाजूचा होता.

मामीला सगळं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की खाली बसली. "सोनं लसून खास का? आनि पन्नास डबा शेतस घरमा, तुमले हाऊच दिखना?" घरात पन्नास डबे असताना मला हाच दिसला, हे तिला पटेना. मग हसायची थांबली आणि म्हणाली, "रामसिंगले सांगं का?"

नव्हतं सांगितलं. काल तळोद्याला जाऊन सांगितलं. आदिवासी विकास कार्यालयासमोर जीप भरत होता. ऐकून घेतलं, टपावरची दोरी आवळत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही म्हनले होते खोटं बोलत नाही." मी म्हणालो, हो. तो म्हणाला, "मी अकरा गावांत सांगून आलो." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. दोरीची गाठ सोडून परत बांधली, जी आधीच घट्ट होती.

सोबत बरणीतल्या चोवीस स्वच्छ पाट्या. हे पत्र तू सरांना दाखव. सगळं दाखव, डब्यासकट.

लोटनमामा


पुणे
७ जानेवारी २०२५

लोटनमामा,

तुमचं पत्र आलं त्या रात्री खूप राग आला होता. पंधरा दिवस, मामा! त्या पंधरा दिवसांत मी द्रावण चार वेळा बदललं, सुई बदलली, स्वतःचे हातमोजे बदलले, शेजारच्या टेबलावरच्या भाग्येशवर संशय घेतला. तो बिचारा डबा खायला आता बाहेर जातो. आज राग नाही. मीही पाच नमुने पंधरा दिवस लपवलेच होते.

स्वच्छ पाट्या लावल्या. परदेशी पाटीसारखंच झालं: दोन हिस्से तासात बदलले, तिसरा हलला नाही. मग रक्ताचे चाळीस नमुने केले. चाळीसच्या चाळीस हो. तो न हलणारा हिस्सा रक्तातही हलत नाही, आणि त्याचेच हात खूण पकडतात. पण म्हणूनच ही पाटी धुऊन पुन्हा वापरता येत नाही. एक माणूस, एक पाटी. परवडणारी गोष्ट संपली.

सरांना पत्र दाखवलं. मला वाटलं ते चिडतील. ते खिडकीशी उभे राहून वाचत होते. मग म्हणाले, "म्हणजे कारण सापडलं. कारण सापडलं की ती पद्धत होते." त्यांनी तिथूनच योगेंद्रभाईंना फोन लावला. सरांचं म्हणणं, आधी लसणासारखा लहान रेणू मुद्दाम बसवायचा, मग आपला. पाच चुका कमी करता येतील, पुढच्या वर्षी. शिबिर मात्र ठरल्या तारखेला करायचं, जुन्या डब्यातल्याच पाट्यांवर, कारण कंपनीला १९ तारखेचा अहवाल दाखवायचाय.

मी सही केली नाही. पेपर माझ्या नावाशिवाय जाईल. सर म्हणाले, "तुझी मर्जी." मला दुसरा विषय शोधायला सांगितलंय. मी सांगितलं, माझा विषय तोच आहे, फक्त आता जो हिस्सा हलत नाही तो मोजणार.

माझ्या सहीवाचून अडेल असं वाटलं होतं. नाही अडलं, दुसऱ्याची घेतली. पण पाट्यांवाचून अडलंय. आमच्याकडे जुन्या डब्यातल्या फक्त नऊ उरल्यात. म्हणून योगेंद्रभाई तुमच्याकडे येतायत. मामा, ते गोड बोलतात. आणि तुम्हाला काय आवडतं हे सरांनी त्यांना सांगितलंय. तुमचा फॉर्म त्यांच्याकडे आहे, दोन्ही बाजूंनी.

मयूरी


प्रकाशा
१३ जानेवारी २०२५

मयूरी बेटा,

योगेंद्र शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आला. गाडी संगमेश्वराच्या मंदिराकडे लावून पायी आला, धूळ उडू नये म्हणून. हे मला आवडलं, आणि मला आवडावं म्हणूनच केलं होतं. घंटा पाहिली, बैठक पाहिली, टोपलीकडे बोट करून विचारलं, "काका, पहिल्या सात कुठे तुटल्या, वळणावर की टोकाला?" आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी अर्धा तास सांगत बसलो. तो खरंच ऐकत होता. माणूस वाईट नाही, एवढं लिहून ठेव.

मग त्याने पिशवीतून नमुन्याचं खोकं काढलं. वर छापलेलं: 'लोटन पद्धत'. माझं नाव इतक्या चांगल्या अक्षरात मी कधी पाहिलं नव्हतं. लग्नपत्रिकेतसुद्धा चुकलं होतं.

"काका, चूक म्हणू नका. शोध म्हणा."

मी म्हणालो, "पाच माणसांना पाटी नाही म्हणाली."

"आणि पस्तिसांना बरोबर. परीक्षेत सत्त्याऐंशी टक्के."

"साडेसत्त्याऐंशी."

"तेच तर! पहिल्याच वर्षी."

"योगेंद्र, शिबिरात सिकलसेलची शंभर माणसं आली तर साडेबारांना पाटी नाही म्हणेल. अर्धा माणूस मी सोडतो. बारांची नावं कोण लिहून ठेवणार?"

त्याने खोकं माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाला, "काका, आज तिथे काहीच तपासणी नाही. काही नसण्यापेक्षा हे बरं नाही का?"

या प्रश्नावर मी अडलो, तुला खरं सांगतो. प्रश्न साधा नव्हता. उत्तर मामीने दिलं, चहाचे कप उचलताना, त्याच्याकडे न बघता. "तपासनी नही ते मानूस घाबरस, जपीसन ऱ्हास. खोटं 'नही' सांगं ते निवांत व्हई जास." तो अहिराणीत वाढलेला, त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

मग त्याने रक्कम सांगितली, मी ती त्याला कागदावर लिहायला लावली, तारीख घालून. कागद सोबत पाठवत नाही, माझ्या फायलीत आहे.

रामसिंग रविवारी आला. १९ तारखेला पाट्या जाणार नाहीत. तो सुईने रक्त घेऊन नळ्या बर्फाच्या पेटीत खाली आणणार, दुसरीकडे तपासून घेणार, उत्तर आठ दिवसांनी. अकरा गावांत पुन्हा जाऊन सांगावं लागेल. त्याच्या पोरीची आणि त्या पोराची नळी पहिल्या पेटीत असेल. मी विचारलं, दोघांची हो आली तर? तो म्हणाला, "मंग नाही लावनार. रडंल पोरगी. पन खरं समजून रडंल." पेटीचं झाकण नीट बसत नव्हतं, मी बिजागरी बदलून दिली. या वेळी त्याने माझ्याकडे पाहिलं. चहा मात्र घेतला नाही.

तुझ्या नव्या कामाला पाट्या लागतील. महिन्याला चोवीस जमतील, काचेच्या बरणीतून, प्रत्येकीचा थेंब मोजून, आकडा पाटीच्या मागे लिहून. दहा अंशांच्या वर गेली ती पाठवणार नाही. हलत नाही तो हिस्सा किती, ते मला दर वेळी कळव.

योगेंद्रला आज रजिस्टर पोस्टाने नकार पाठवला. पुढे कुणी वेगळं सांगेल म्हणून तुझ्याकडेही लेखी असू दे. १७ जानेवारीपर्यंत जुन्या डब्यातून काढलेल्या बाराशे पाट्या, पद्धतीचे सर्व हक्क, आणि प्रत्येक खोक्यावर माझं नाव, या बदल्यात त्याने मला देऊ केले होते अठरा लाख चाळीस हजार रुपये.

लोटन